पोस्टरवाल्या बाई

आपाची क्लिप ग्रुपवर पडली की चहाला उकळी फुटायच्या आत उत्तरं यायला लागायची, आणि इकडं माझ्या पोटात दुखायला लागायचं. ऑफिसचा फोन माझ्याच टेबलावर चार्जिंगला लावलेला असायचा, त्यामुळं सुटका नव्हती. टुंग, टुंग, टुंग. "आपा, कळलं बगा." "आपा, आवाज बसलाय तुमचा, काढा घ्या." "आपा, परत एकदा सांगा, म्हाताऱ्याला ऐकू आलं न्हाई." एका बाईनं तर आपल्या कोंबड्याचं आरवणं रेकॉर्ड करून पाठवलं होतं, आपाला ऐकवायला. म्हटलं, घ्या! आता कोंबड्यालासुद्धा आपाच पाहिजे.

आमची संस्था नागरी हक्कांचं काम करते. सांगलीत माधवनगरच्या बाजूला, बंद पडलेल्या मागांच्या शेडला लागून आमच्या दोन खोल्या आहेत. कुणाला पाणवठ्यावर अडवलं, कुणाचं नाव मतदार यादीतून गेलं, कुणाच्या घराकडची वाट बंद केली, की माणसं आमच्याकडं येतात. सगळे ज्यांना काका म्हणतात ते आमचे प्रमुख वकील आहेत, कोर्टकचेरी त्यांच्याकडं. माझ्याकडं संस्थेचं डिजिटल काम. वेबसाइट, फेसबुकचं पान, पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप. मी मूळची रहिमतपूरची, मराठीत एम.ए. केलेली. वक्तृत्वाच्या कपांनी आईचं कपाट भरलंय. त्यातल्या एका कपात ती लसूण ठेवते, ते सोडा.

आपा येण्याआधी तीन वर्षं हे काम मी एकटीनं केलं. एकेका पोस्टरला दोन-दोन दिवस घालवायचे. अक्षर कुठलं, रंग कुठला, मजकूर सहा ओळींच्या वर जाता कामा नये. 'आपला हक्क, आपली ओळख' असलं काहीतरी लिहून पानावर टाकायचं आणि बसायचं वाट बघत. दोन लाइक. एक माझा, एक काकांचा. काकांचासुद्धा मी आठवण केल्यावर. पण मी मनाला लावून घेत नव्हते. लोकांना वाचायची सवयच नाही, हळूहळू लागेल, असं म्हणायचे. दुसऱ्या कुणाचं ऐकलं जात नाही तोवर आपलं न ऐकलं जाणं फार टोचत नाही.

मग आपा आली. तिचं घर बांगड्यांच्या धंद्यातलं. आईबरोबर तासगाव, विटा, कराड, पाटण असे आठवड्याचे बाजार फिरून तिनं अर्ध्या मुलखातल्या बायांचे हात हातात धरले होते. हात नुसता बघून माप सांगायची, आणि भरता भरता त्या बाईच्या सासूपासून शेरडापर्यंत सगळी चौकशी करायची. वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण सगळे तिला आपा म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. ती मला मॅडम म्हणायची. काकांनी तिला वस्त्यांवर फिरायला घेतलं होतं, माझ्या कामाशी तिचा संबंध नव्हता. पण एकदा मी तापानं आडवी झाले आणि रेशनकार्डाच्या शिबिराचा निरोप तातडीनं द्यायचा होता. आपाला टाइप करायचा कंटाळा. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि बोलून टाकलं. शिबिराला मंडप अपुरा पडला.

झालं! त्या दिवसापासून माझी पोस्टर पानावर आणि आपाचा आवाज लोकांच्या घरात. लोक तिची क्लिप चुलीपाशी लावायचे, टपरीवर लावायचे. तिच्या बोलण्यात वाक्य कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते तिलाही माहीत नसायचं. मधेच हसायची, मधेच मागं कुणाची तरी बाइक जायची. मी कानाला इअरफोन लावून तिच्या क्लिपा पुन्हा पुन्हा ऐकायचे. ह्यात असं आहे तरी काय? सापडायचं नाही, आणि सापडायचं नाही म्हणून आणखी जळायचं.

त्यात एक भानगड झाली. आमच्या संस्थेचं नाव घेऊन कुणीतरी बायांना फोन करायला लागलं. आधार नंबर सांगा, कागद पाठवा, मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा वाचून दाखवा. एक बाई फसता फसता वाचली. काकांनी बैठक घेऊन नियम केला: संस्थेचा निरोप जाईल तो ऑफिसच्या फोनवरून आणि आपाच्याच आवाजात. आणि मला म्हणाले, "याचं एक छान पोस्टर कर."

केलं. दात-ओठ खात केलं. 'संस्थेचा निरोप फक्त आपाच्या आवाजात. दुसरा आवाज आमचं नाव सांगेल, आधार मागेल, उत्तर द्या म्हणेल, तर तो खोटा. लगेच ब्लॉक करा. शेजाऱ्याला सांगा.' पिवळ्यावर काळी अक्षरं, मधे कानाचं चित्र. ते पानावर टाकलं आणि त्याच्याकडं वळून पाहिलं नाही. लाइक किती आले तेही बघितलं नाही. स्वतःच्या हातानं दुसरीच्या नावाची पाटी रंगवायची, वर लोकांनी ती वाचली का ते बघायचं, इतकी मी थोर नाही.

पाटणच्या अलीकडं गावाबाहेरच्या एका वस्तीचं काम आमच्याकडं होतं. वस्तीवरून रस्त्याला जाणारी जुनी वाट एका ऊसवाल्यानं तार मारून बंद केली होती. "तुमच्या लोकांनी माझ्या बांधावरनं जायाचं न्हाई," एवढंच त्याचं म्हणणं. मग वाटेवरसुद्धा ऊस लावला. आता रस्ता गाठायचा तर ओढ्यातून. धडधाकट माणसं शिव्या देत जायची. पण वस्तीवर एक मावशी होती, आणि तिचा तिशीतला मुलगा, ज्याच्या पायांत लहानपणापासून जोर नाही. त्याचं स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आधी तो आपल्या तीन चाकी स्कूटरवरून घराच्या उंबऱ्यापासून दुकानापर्यंत जायचा. वाट बंद झाल्यापासून स्कूटर पलीकडं रस्त्यावर, झाडाखाली. आणि रोज सकाळी मावशी त्याला पाठुंगळी घेऊन ओढा पार करायची, संध्याकाळी परत. तिचं वय साठीला टेकलेलं. "माझा गुडगा गेला की दुकान गेलं," असं ती आपाला म्हणाली होती. वाट उघडली तरच त्याचं दुकान चालणार होतं.

गुरुवारी तालुक्याच्या कचेरीत सुनावणी होती. सोमवारी काकांना कळलं की बदल झालाय, तहसीलदार साहेब स्वतः वस्तीवर येऊन वाट तपासणार, अकरा वाजता. काकांना त्या दिवशी सांगलीत कोर्ट होतं. आपाच्या आईचं मिरजेत डोळ्याचं ऑपरेशन होतं. वस्तीवर मी जायचं ठरलं. आपानं निघता निघता क्लिप रेकॉर्ड केली आणि ऑफिसचा फोन माझ्या हातात देत म्हणाली, "मॅडम, तेवढी पाठवा, रिक्षा थांबलीया."

मी ऐकली. "मावशे, आपा बोलतीया. शेरडी व्याली का गं? बरं ऐक. बेस्तरवारी कचेरीत जायाचं न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई. साहेबच येनार हायती वस्तीवर, अकराला. समद्यांनी बांधावर हुबं ऱ्हावा. आन् तू त्येला पाठीवर घिऊनच हुबी ऱ्हा, साहेबाला बगू दे डोळ्यानं. आन् माज्या आयला बी दुवा कर, त्याच दिशी डोळ्याचं आपरेशन हाय तिचं."

सरकारी कामाचा निरोप, आणि त्यात शेरडी! मला काय झालं ते मी आज ओळखते, तेव्हा मात्र त्याला मी शिस्त म्हणाले. म्हटलं, इतका महत्त्वाचा निरोप स्वच्छ, नेमका गेला पाहिजे. आणि आतून दुसराच आवाज म्हणत होता, एकदा तरी माझं ऐकू दे की लोकांना! एकदा तरी टुंग माझ्या नावानं वाजू दे. दार लावलं. तीन वेळा रेकॉर्ड केलं, चौथ्यांदा मनासारखं झालं. "नमस्कार. आपल्या संस्थेतर्फे कळविण्यात येते की गुरुवारची सुनावणी कचेरीत न होता प्रत्यक्ष जागेवर सकाळी अकरा वाजता होईल. सर्व संबंधितांनी आधार कार्ड व कागदपत्रांसह उपस्थित राहावे. निरोप मिळाल्याचे याच क्रमांकावर कळवावे."

आणि ते ऑफिसच्या फोनवरून नाही, माझ्या स्वतःच्या फोनवरून, वस्तीवरच्या सात-आठ जणांना एकेक करून पाठवलं. का? तर उत्तरं माझ्या नंबरवर यावीत म्हणून. दुसरं काही कारण नाही. पिवळ्या पोस्टरची त्या वेळी मला आठवणसुद्धा झाली नाही. लोक माझं लिहिलेलं वाचत नाहीत म्हणून मी रडत होते, आणि मीही कुठं वाचत होते!

संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा आल्या. उत्तर एकही नाही. म्हटलं, आपाला बरी उत्तरं देतात. असो, ऐकलंय ना, बास.

गुरुवारी पहाटेची कराड गाडी, तिथून पाटणची, मग रिक्षा. चपला हातात घेऊन ओढा ओलांडला आणि साडेदहाला वस्तीवर पोचले, तर घरांना कुलपं. एक कुत्रं तेवढं उठून माझ्याकडं बघून परत झोपलं. आधी वाटलं, बांधावर गेली असतील. बांधावर ऊसवाला होता, साहेबासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडून, रुमालानं पुसत. मावशीच्या मुलाला फोन लावला. लागेना. दुसऱ्याला लावला, लागेना. एकूण एक नंबर तसाच.

अकराला जीप आली. साहेब भला माणूस होता. "बाई, तुम्ही वस्तीवर राहता का?" मी म्हटलं, नाही, संस्थेकडून आलेय. "मग वहिवाटीचं तुम्ही कसं सांगणार? राहणारी माणसं कुठायत?" मी म्हटलं, येतायत, येतायत. अर्धा तास थांबले बिचारे. मी वक्तृत्वाचे कप मिळवलेली बाई, वाटेबद्दल बोलायला लागले, तर साहेब उसाकडं बोट दाखवून म्हणाले, "इथं तर वाट दिसत नाही." ऊसवाला म्हणाला, "नव्हतीच सायेब." आणि 'होती' म्हणणारं, त्या वाटेनं चाललेलं एक माणूस तिथं हजर नव्हतं. पंचनामा झाला. जीप गेली. त्यानं खुर्ची उचलली आणि जाता जाता मला विचारलं, "च्या घेता का?"

मग आपाला फोन केला. लाज गिळून केला. पहिल्याच रिंगला उचलला. सगळं सांगितलं, माझ्या आवाजात पाठवलं तेही, माझ्या नंबरवरून तेही. पलीकडून दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. "ठिवा फोन, मी लावते," एवढंच म्हणाली. दोन मिनिटांत परत आला. "समदी कचेरीत बसल्यात टेंपो करून. निघाल्यात. मॅडम, तुमी काई बोलू नगा. मी काकांना सांगते, माझी क्लिप बिगडली हुती, म्हणून तुमाला करावी लागली."

ऐकून बरं वाटायला हवं होतं की नाही? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आवाज तिचा, माणसं तिची, आणि आता चांगुलपणासुद्धा तिचाच! माझ्याकडं ठेवलंय काय हिनं?

तासाभरानं पलीकडं टेंपो थांबला. मावशी झाडाखाली उकिडवी बसली, मुलानं स्कूटरवरून तिच्या गळ्यात हात टाकले, ती उठली. तिच्या चपला त्याच्या हातात होत्या. ओढ्याला घोट्याएवढंच पाणी होतं, पण गोटे निसरडे. ती एकेक पाऊल चाचपत आली. हे साहेबानं बघायचं होतं, ते मी एकटी बघत होते.

मुलाला कट्ट्यावर बसवलं तसा तो मला बघून हसला. प्रशिक्षणाला आला होता सांगलीत, म्हणून तोंडओळख होती. आपानं त्यांना नुसतं वस्तीवर परत या म्हणून सांगितलं होतं, बाकी काही नाही. "आवं मॅडम, लय मोठा घोटाळा झाला असता," तो म्हणाला. "सोमवारी एका बाईचा मेसेज आला समद्यांना. संस्थेचं नाव, आधार घेऊन या, ह्याच नंबरवर कळवा. आवाज कसा, तर बँकेतल्या मशीनवानी. म्या लगीच वळखलं. आमच्या ग्रुपवर तुमचं पिवळं पोस्टर टाकलं आन् समद्यास्नी नंबर ब्लॉक करायला लावला. ती म्हनती कचेरीत जाऊ नगा, म्हंजे जायाचंच, असं ठरवलं आमी."

"कुठलं पोस्टर?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"त्ये कानाचं. दुकानात लावलंय की म्या, काचेवर. गिऱ्हाईक आलं की आधी वाचायला लावतो. तुमची समदी हायती माज्याकडं, पहिल्यापास्नं."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. समोर बाई गुडघा चोळत बसलेली, तिची सुनावणी माझ्यामुळं बुडालेली, आणि मी आतून फुलले. माझं वाचलं कुणीतरी! तीन वर्षं वाचलं, जपलं, काचेवर लावलं! शहाणी असते तर तिथंच गप्प बसले असते. आपानं झाकण घालून ठेवलंच होतं.

पण ते झाकण आपाचं होतं. तेच मला नको होतं. "ती बाई मी," मी म्हटलं. "तो मेसेज माझा. साहेब खरंच येणार होते, येऊन गेलेसुद्धा. आपानं क्लिप दिली होती, मी पाठवली नाही. मला माझा आवाज पाठवायचा होता." खरं बोलण्याचं पुण्य मला कुणी देऊ नये. तेही मी जळूनच बोलले.

मुलगा आपल्या पायांकडं बघत राहिला. मावशीनं गुडघा चोळायचं थांबवलं.

"आपानं का न्हाई सांगितलं मग?"

"मला वाचवायला."

"हां," मावशी म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बोल बरं आता. त्यात बोललीस तसं न्हवं. आता बोलतीस तसं. आवाज ध्यानात ठिवते. फुडच्या बारीला तुजा आला तर?"

मी पदराआड तोंड करून रडले, आणि रहिमतपूरच्या बोलीत काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. मावशी मुलाला म्हणाली, "ह्यो बरा हाय की रं आवाज."

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नवा अर्ज केला. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची मिळाली. म्हणजे सगळा पावसाळा ओढा. काका म्हणाले, तोवर रोजचा पुरावा ठेवा, ओढ्यातून जावं लागतं याची नोंद हवी. ती नोंद माझ्याकडं, डिजिटल काम माझंच ना. मुलानं माझा नंबर ब्लॉकमधून काढला आणि 'पोस्टरवाल्या बाई' म्हणून सेव्ह केला.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या, माझ्या स्वतःच्या नंबरवर टुंग वाजतं. चार सेकंदांची क्लिप. "पोचलो, मॅडम." त्याच्या शब्दामागं मावशीची धाप ऐकू येते. ओढा फार चढला तर, "आज न्हाई." मला हवी होती ना उत्तरं? आता येतात. तारीखवार फोल्डर करून सगळ्या क्लिपा ठेवल्यात. काकांना दाखवल्यात, कचेरीतही देऊ.

आपा कधीतरी विचारते, "मॅडम, काय म्हणतोय आपला दुकानदार?" मी म्हणते, बरा आहे. क्लिपा मी तिला अजून ऐकवलेल्या नाहीत.